साक्षीचा डोह

सातपुड्याच्या पायथ्याशी झिरी नदी वळण घेते, तिथे एक डोह आहे आणि डोहाच्या काठावर हाकेच्या अंतराने दोन काळे खडक. सुट्टीच्या दिवशी शहरातली पोरं इथे पोहायला येतात. गावातले काशिराम आप्पा त्यांना एकदम पाण्यात उतरू देत नाहीत. आधी दोघांना दोन खडकांवर उभं करतात. प्रत्येकाने आपल्या डोळ्यांनी नदी वरपर्यंत बघायची, डोंगर बघायचा, आणि दुसऱ्याला न विचारता पाणी कसं आहे ते सांगायचं. दोघांनीही ‘बेस शे’, म्हणजे चांगलं आहे, असं म्हटलं तरच बाकीच्यांनी उतरायचं. पोरं हसतात. मग आप्पा सावलीला बसतात आणि सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट. गावात उखा भोई नावाचा माणूस होता. नदीची नस त्याच्या हातात होती म्हणे. फेसाची एक रेघ आली, काठाशी काडीकचरा फिरू लागला, पाण्याला मातकट छटा चढली, की तो ओळखायचा. वैशाखात झिरी गुडघाभर असते, खोल तेवढा हा डोहच. पण वर डोंगरात वळीव कोसळला तर इथे रखरखीत उन्हात लोंढा येतो. म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सणाला माहेरी आलेल्या लेकी डुंबायला आल्या की उखा पुढे व्हायचा, नदी न्याहाळायचा आणि म्हणायचा, “बेस शे.” त्यानंतरच पोरी पाण्यात उतरायच्या. पहिलं पाऊल उखाच्या घरच्या लेकीचं, असा त्याचा मान होता.

उतारवयात उखाच्या डोळ्यांवर पडदा आला. त्याने ते कुणाला सांगितलं नाही. त्याची बायको तापी, तिला मात्र न सांगता कळलं. तिनेही कुठे वाच्यता केली नाही. ती त्याच्याबरोबर नदीवर जायची, स्वतः नीट बघायची आणि पाणी चांगलं असलं की तंबाखूची चंची त्याच्या हातात ठेवायची. नसलं तर म्हणायची, “चंची घरीच राहिली.” तेवढ्यावरून उखा काय ते सांगायचा. नवऱ्याचा मान आपण झाकून राखला, याचं तापीला बरं वाटायचं.

एका आखाजीला तापी थंडीतापाने अंथरुणाला खिळली. त्यांची एकुलती लेक कौतिक दोन वर्षांनी माहेरी आली होती. सकाळपासून आईच्या कपाळावर ओल्या फडक्याच्या घड्या ठेवत होती. बाहेर झोक्यावरची गाणी संपली आणि मैत्रिणी हाका मारू लागल्या.

“जा गं,” तापी म्हणाली. “मला काय धाड भरलीय?”

कौतिक गेली. उखाने पागोटं बांधलं. तापीने त्याचं धोतर धरलं.

“आज जाऊ नका. पाय मुरगळला म्हणून सांगा.”

“वरीसभरानं पोरी आल्यात. त्यांना काय पाय दाखवू?”

“मग कुणाला तरी संगं घ्या. डोंगराकडं बघायला लावा.”

उखाने काठी हातात घेतली. चंची कनवटीला लावून तो काठी टेकत निघून गेला. शेजारणीला हाक मारावी, सांगून टाकावं, असं तापीच्या ओठांवर आलं होतं. पण इतकी वर्षं झाकलेलं उघडं करायचं म्हणजे नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडायचं. तिने तोंडावर गोधडी ओढून घेतली.

नदीवर डफ वाजत होता, हसण्याला ऊत आला होता. उखाने पाण्यात पाय घातला. पाणी कोमट लागलं. मान वर करून त्याने डोंगराकडे पाहिलं, तिथे त्याला नुसता उजेड दिसला. “पोरी, डोंगराकडं काय दिसतंय गं?” एवढंच विचारायचं होतं. शेजारी त्याची लेकच उभी होती.

“आबा, उतरू का?”

“बेस शे,” उखा म्हणाला.

डोंगरावर तेव्हा शाईसारखं आभाळ उतरलं होतं. ते पोरींनाही दिसलं असेल. पण उखाआबा म्हणाले, मग डोंगराकडे कोण बघतो?

पोरी डोहाच्या मध्यावर होत्या तेव्हा कौतिकच्या पायाला गार पाणी लागलं. भोयाचीच लेक ती, वरच्या पावसाचं पाणी तिने ओळखलं. ती ओरडली, “बाहेर व्हा! बाहेर व्हा!” हाताला येईल तिला ती काठाकडे ढकलत राहिली. बऱ्याचजणी निघाल्या. वळणावरून झाडंझुडपं घेऊन लोंढा आला आणि तिघींना घेऊन गेला. त्यांत कौतिक होती.

तापीला तो आवाज अंथरुणात ऐकू आला. ती उठली, धडपडत वेशीपर्यंत आली आणि तिथेच बसली. पुढे जाऊन काय बघायचं, ते तिला कळून चुकलं होतं.

गावाने उखाला बोल लावला नाही. “नदीच फिरली, आबा काय करतील?” असंच जो तो म्हणाला. ते तापीला शिव्यांपेक्षा जड गेलं.

दहाव्याला तिघींचे पिंड याच काठावर मांडले. ऊन चढलं, कावळे झाडावर बसून राहिले, एकही खाली येईना. कुणी म्हणालं, त्यांच्या लेकरांना सांभाळू; कुणी म्हणालं, दानधर्म करू. कावळा हलेना. तेव्हा बायकांमधून तापी पुढे आली.

“ह्यांना दिसत नाही,” ती म्हणाली. “किती वर्षं झाली. बघायचे मी, सांगायचे हे. त्या दिवशी मी नव्हते. मला ठाऊक होतं, आणि मी गप्प बसले.”

ती मागे सरली. आणि तेव्हाच दोन कावळे उतरले, असं सांगतात. दोन पिंडांना शिवून गेले. कौतिकचा पिंड तसाच राहिला.

पंखांचा आवाज ऐकून उखाने मान वर केली. “आपल्या कौतिकचा शिवला का गं?”

तापीने पिंडाकडे पाहिलं, नवऱ्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं. “शिवला,” ती म्हणाली.

उखा काठी टेकत पुढे आला. मग म्हणाला, “एकाच्या शब्दावर तीन लेकी गेल्या. आता एकाचं नको. दुसरं कुणी सांगा.”

कुणी पुढे येईना. शेवटी झिपरू पाटील उठले. वाहून गेलेल्या तिघींत त्यांचीही लेक होती. ते कौतिकच्या पिंडापाशी गेले, वाकून त्यांनी त्या न शिवलेल्या भाताकडे पाहिलं. डोळे पुसले.

“शिवला, उखा,” ते म्हणाले. “मी बघितला.”

तेव्हा उखा खाली बसला आणि रडला. कावळा पुढे खरंच शिवला की नाही, याबद्दल गावात दोन बोलणी आहेत. उखाने मात्र त्यानंतर मरेपर्यंत कुणाला पाणी कसं आहे ते सांगितलं नाही. तो काठावर बसून राहायचा आणि येईल त्याला म्हणायचा, दोघं बघा, मग उतरा.

आजही झिरीच्या या डोहात दोघांच्या साक्षीशिवाय कुणी पाय घालत नाही. एकाला जरी शंका आली तरी सगळे काठावर बसून शिदोरी सोडतात आणि घरी जातात.

आप्पांचं सांगून झालं की एखादा पाहुणा विचारतोच, “आणि माणूस एकटाच आला तर?”

“तर बसायचं,” आप्पा म्हणतात. “कुणीतरी येतं.”