वाघाची परडी

एका गावात शेवंता नावाची बुरूडीण राहायची. सुपं आणि परड्या विणण्यात तिचा हात कोणी धरू शकत नसे. विणता विणता ती आपल्या तीन वर्षांच्या लेकीला, तनूला, एक गोष्ट सांगायची. बुरुडाच्या दारात परडी मागायला आलेल्या वाघाची. त्या घरची रीत अशी, की ऐकणाऱ्याने वाक्यागणिक हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली.

तनू नुसत्या हुंकारावर भागवणारी नव्हती. "वाघाला परडी कशाला?" हे ती रोज विचारायची आणि रोज तिला नवं उत्तर लागायचं. एकदा तर तिनेच सांगून टाकलं, "पिल्लाला झोपवायला." शेवंता पोट धरून हसली होती.

पुढे लग्नसराई आली. कामाचा ढीग पडला आणि तेच प्रश्न शेवंताला नकोसे झाले. उत्तर देण्याच्या नादात कोयता बोटाला लागला, तेव्हा तिचा नवरा श्रीपत म्हणाला, "तिच्या हातात मोबाईल दे. तो गोष्टी सांगतो आणि हुंकारही मागत नाही."

खरंच मागत नव्हता. तनू मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसली आणि घर शांत झालं. लग्नसराई सरली, पण मोबाईल काही तिच्या हातून सुटला नाही. इतकी सुखाची सवय कोण मोडतं? आळीतल्या बायका म्हणायच्या, "पोर किती गुणाची!" शेवंता ते ऐकून फुलायची. खरं तर ओला बांबू ती कधी उन्हात पडू देत नसे. वाळला की तो वळत नाही, तडकतो, हे तिला झोपेतही ठाऊक होतं. लेकीच्या बाबतीत मात्र तिला ते सुचलं नाही.

तीन वर्षं गेली. तनू शाळेत जाऊ लागली. एक दिवस बाईंनी शेवंताला बोलावून घेतलं. "तनू काही त्रास देत नाही," त्या म्हणाल्या. "पण गोष्ट अर्ध्यावर सोडून 'पुढे काय झालं असेल?' असं विचारलं, की नुसती बघत राहते. घरी कोण बोलतं हिच्याशी?"

शेवंता तनूला घेऊन तडक निघाली. घरी येताच तिने मोबाईल ट्रंकेत टाकला. तनू चार दिवस रडली, मग रडायचीही थांबली.

पाचव्या दिवशी शेवंता काम बाजूला सारून लेकीसमोर बसली. "वाघ बुरुडाच्या दारात आला," ती म्हणाली आणि थांबली. हुंकार आला नाही. "म्हणाला, मला एक परडी दे." तनू आईच्या तोंडाकडे बघत होती, गोष्ट आपोआप पुढे सरकायची वाट बघत. शेवटी शेवंतानेच विचारलं, "वाघाला परडी कशाला गं?"

"माहीत नाही," तनू म्हणाली.

त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शेवंताचं काम झपाट्याने होतं, मोठी झालेली तनू शेजारी असली तरी मध्ये काही विचारत नाही. विणता विणता ती अजून तीच गोष्ट सांगते, आणि हुंकारही स्वतःच देते.

तात्पर्य: लहान मुलाची बुद्धी उत्तर देणाऱ्या माणसाजवळ वाढते; मुलाच्या प्रश्नांना कंटाळून त्याला पडद्यापुढे बसवलं, तर मिळालेली शांतता आयुष्यभर पुरते.