तिखट दाणे

एकदा एका मसाल्यांच्या पेठेत एक वृद्ध वैद्य राहत असत. त्यांच्याकडे शिकणारी शिष्या बुद्धिमान होती, आणि उतावळीही. मिरी, पिंपळी आणि हळद यांचा तिने अर्क काढला, पिंजऱ्यातल्या लठ्ठ उंदरांच्या दाण्यांना तो रोज चोळला. काही दिवसांत उंदीर सडपातळ झालेले पाहून ती आनंदाने उडालीच.

"गुरुजी, चरबी उतरली!"

"उतरली खरी," वैद्य म्हणाले. "का उतरली, ते अजून पाहायचंय. मी गावाहून परत येईपर्यंत थांब."

पण पेठेतली बातमी थांबते होय? वैद्यांची पाठ वळताच मिरीचा एक बडा व्यापारी शिष्येसमोर येऊन बसला. त्याच्या मुलीचं लग्न ठरत होतं, पण मुलगी बारीक होईपर्यंत मुहूर्त धरायला सासरचे तयार नव्हते.

"विहीणबाई काय म्हणाल्या ठाऊक आहे? म्हणे, मांडवाचं दार जरा रुंद करून घ्या!" व्यापारी कसनुसा हसला. "बाई, माझी पोर हसऱ्या तोंडाची हो. हल्ली आरशावर फडकं टाकून बसते. द्या ना थोडा अर्क."

शिष्येला गुरूंचे शब्द आठवले. पण समोरचा बाप रडकुंडीला आला होता, आणि आपला शोध खरा ठरावा असं तिलाही फार फार वाटत होतं. तिने बाटली दिली. "जेवणात कालवून द्या," म्हणाली.

वैद्य परतले तेव्हा पेठेत एकच कौतुक चाललं होतं, व्यापाऱ्याची मुलगी केवढी उतरली! शिष्येने मान खाली घालून, पण काहीशा अभिमानानेच, सगळं सांगितलं.

वैद्यांनी भाकरी कुस्करली, गूळ आणि तूप घातलं, आणि ती वाटी पिंजऱ्यात अर्काच्या दाण्यांशेजारी ठेवली. शिष्येला काही उमगेना. गुरुजी आपला उपचार बिघडवताहेत की काय?

उंदीर असे तुटून पडले की वाटी उलटली. अर्काच्या दाण्यांना कुणी तोंड लावलं नाही.

"आता खालचा भुसा उचल."

तिने उचलला. भुशाखाली दाण्यांचा थर साचला होता.

"पण... रोज सकाळी भांडं रिकामं असायचं!"

"या मसाल्यांत तसा गुण नसेलच असं मी म्हणत नाही," वैद्य म्हणाले. "कुणी धीराने शोधला तर उद्या सापडेलही. पण हे उंदीर उपाशी राहून वाळले. तिखटापायी त्यांना घास घेववेना, म्हणून त्यांनी तो खाली लोटला. तू त्यांना रोज तोललंस, आणि रिकामं भांडं पाहून समाधान मानलंस. एकदा भुसा उचलायचा होता गं." मग त्यांनी विचारलं, "आणि त्या पोरीचा पाट कुणी उचललाय?"

शिष्या गूळ-भाकरीची दुसरी वाटी घेऊन धावतच व्यापाऱ्याच्या घरी गेली. माजघरात ती मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ओठ सोललेले. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत घसरत होत्या.

"औषध बंद कर. आधी हे खा. माझी चूक झाली, ते औषध नव्हतंच."

"मला ठाऊक आहे, ताई," मुलगी हळूच म्हणाली. "घास गिळवत नव्हता. पाटाखाली सरकवायची मी, मग मांजराला. तेही हुंगून निघून जायचं." ती किंचित हसली. "सांगणारच होते. तेवढ्यात सासरचा निरोप आला, मुहूर्त धरला म्हणून. आई किती दिवसांनी हसली! मग कशाला सांगू?"

"निदान एक घास..."

"नको. आता अन्न पाहिलं तरी जीभ जळते. आणि हळू बोला हो, आई ऐकेल."

शिष्येला गुरूंच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं. ते घेऊन आता कुठे जावं, हे मात्र तिला कळेना. वाटीतलं तूप थिजेपर्यंत ती तिथेच बसून राहिली. अंगणात मांडवाचे खांब पुरले जात होते. दार नेहमीच्याच रुंदीचं होतं.