खपलीचा रंग

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा. शाळा लवकर सुटली, त्यामुळे शब्दही साधेच आहेत.

एके काळी काचेच्या टाकीत, खाऱ्या पाण्यात, खडकावर शेवाळाची गुलाबी खपली होती आणि शेजारी म्हातारी गोगलगाय. खपली फिकट पडली, तेव्हा मालकाने बाटलीतल्या बोरॉनचे थेंब पाण्यात टाकले. रंग परतला.

"आणखी हवं गं," खपली म्हणाली.

"खपलीबाई, पुरे. समुद्रातसुद्धा ते चिमूटभरच असतं."

"तू जन्माची मातकट! जळतेस माझ्यावर."

मालकही रंगावर खूश होता. पाणी न तपासताच तो रोज थेंब टाकत गेला. शेवटी बोरॉन इतकं साठलं, की खपली पुन्हा फिकट पडू लागली. मालकाला वाटलं, कमी पडतंय. त्याने आणखी टाकलं.

"अगं, त्यानेच उतरतोय तुझा रंग," गोगलगाय कशीबशी म्हणाली आणि काचेवरून सुटून वाळूत पडली.

"गोगलताई, ऊठ ना! आता नको म्हणते मी."

गोगलगाय उठली नाही. मालकाला खपलीचं बोलणं कळत नव्हतं, फक्त रंग दिसत होता. त्याने पुन्हा बाटली उचलली.

माझ्याही घरी अशी टाकी आहे. ही गोष्ट लिहिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी पाणी तपासलं. बाटलीचं झाकण उघडलंच नाही.