भागोजी कुंभाराने बायकोचं रक्त वाढवलं

एका गावात एक भोळा कुंभार होता, भागोजी त्याचं नाव. हात सोन्याचे, पण डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावायची. आत शिरलेली गोष्ट दुसरी येईपर्यंत तिथून हलत नसे.

एकदा त्याच्या मडक्यांचे काठ रोज कुणीतरी कुरतडायला लागलं. भागोजीने उंदराचा सापळा लावला. सापळ्यात सापडलं त्याच्या बायकोचं, हौसाचं, बोट. बोट चोळत तिने कबूल केलं की तिला माती खावीशी वाटते, आणि भाजलेली खापरी तर फारच गोड लागते. तशी ती बरेच दिवस पिवळी पडली होती. दोन घागरी आणल्या की उंबऱ्यावर बसून धापा टाकायची. भागोजीला मडक्यांचं काहीच वाटलं नाही. हौसावर त्याचा फार जीव. हिला काही झालं तर आपण ऐकायचं कुणाचं, या विचाराने तो पार घाबरून गेला.

तो तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी नखं पाहिली, जीभ पाहिली, बोटाला सुई टोचून रक्त तपासलं. बारा हवं तिथे सात निघालं. अंगात लोह कमी आहे, म्हणून माती खावीशी वाटते, असं बाईंनी समजावलं. रोज एक गोळी द्यायची, घरात लोखंडी कढईत पालेभाजी करायची. तीन महिन्यांत रक्त वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात नेऊन रक्त चढवावं लागेल.

भागोजीने त्याच दिवशी कढई आणली. गोळी तो स्वतः द्यायचा, चांगल्या दाट चहाबरोबर. आठ दिवसांनी बाईंना कळलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. चहाने गोळी फुकट जाते, चहाच्या जागी लिंबू पिळत जा, म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी हौसाचा भाऊ आला. चुलीवर दुधाचा चहा उकळत होता. भागोजीने त्यात तीन लिंबं पिळली. पाहुणा माणूस मोठा सोशिक. त्याने नासका चहा चघळून संपवला, बहिणीच्या तोंडावरून हात फिरवला आणि न जेवता गाडी पकडली.

हे कळल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, चहात नाही, पाण्यात. आणि गोळीनंतर तिने चहा मागितला तरी दोन तास द्यायचा नाही. मागितलं की लगेच हातात द्यायची ही सवयच सोडा."

भागोजीने सवय सोडली. दोन दिवसांनी मडकी भाजायच्या आव्यात लाकडं सारताना हौसाला भोवळ आली. खाली बसून तिने पाणी मागितलं. भागोजी धावत गेला, तांब्या भरून आणला आणि तो मांडीवर घेऊन सूर्याकडे बघत बसला. हौसाने पुन्हा पाणी मागितलं. तो प्रेमाने म्हणाला, "घाई करू नगंस, आत्ताशी आर्धा तास झालाय." तेव्हा हौसा उठली, तांब्या हिसकावला आणि प्यायली. रागाने माणसाच्या अंगात थोडी ताकद येतेच.

हे ऐकून बाई म्हणाल्या, "माणूस डोळे मिटून डुलायला लागला की बघत बसायचं नसतं. धरायचा, आडवा करायचा, पाय वर उचलायचे. विचारत बसायचं नाही."

त्या एकादशीला देवळात कीर्तन होतं. लांबून बुवा आले होते. रंग भरला, बुवांनी डोळे मिटले आणि ते डुलायला लागले. भागोजी विचारत बसला नाही. त्याने बुवांना कमरेत धरलं, आडवं केलं आणि दोन्ही पाय वर उचलून धरले. धोतराचं जे व्हायचं ते झालं. टाळकऱ्यांना हा कीर्तनाचाच भाग वाटला, त्यामुळे ते आणखी थोडा वेळ वाजवत राहिले.

असं करता करता तीन महिने भरले. बाईंनी आधी बुवांची गोष्ट ऐकली आणि भागोजीला बजावलं, की कुणालाही हात लावण्याआधी डोळ्याची खालची पापणी ओढून बघत जा. आतून लाल असेल तर रक्त भरपूर. पांढरी असेल तर कमी. असं म्हणत त्यांनी हौसाची पापणी ओढली. पांढरीफटक. रक्त तपासलं तर साडेसात.

"कढईत भाजी करता ना?" बाईंनी विचारलं.

"रोज दोनदा."

"खातं कोण?"

"मी," भागोजी अभिमानाने म्हणाला. "उरली तर ही. बायामाणसं मागनंच जेवत्यात की."

बाईंनी त्याची पापणी ओढली. डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल. "बायकोच्या आजारावर तुम्ही स्वतः बरे झालात, भागोजी," त्या म्हणाल्या. "आता एकच करा. जिची पापणी पांढरी ती आधी, पोटभर जेवणार. लाल पापणीवाल्यांनी थांबायचं. दोन महिने देते, नाहीतर हिला रक्त चढवायलाच न्यावं लागेल."

भागोजीला तिथेच रडू आलं. आपण हौसाचं रक्त खाल्लं, असं त्याला वाटलं, आणि ते फारसं चूक नव्हतं.

चौथ्या दिवशी गावात भंडारा होता. मंडपाच्या दाराशी लोकांना पंगतीत बसवायचं काम भागोजीकडे आलं. पहिले आले पाटील. भागोजीने त्यांची पापणी ओढली आणि त्यांना बाजूला उभं केलं. मागचे सरपंच, तेही लाल. दीडशे गडी त्याने उन्हात थांबवले आणि तो मागे गेला. तिथे पहाटेपासून उपाशी बायका पुऱ्या लाटत होत्या. त्याने एकेकीची पापणी पाहिली. चाळिसातल्या अडतीस पांढऱ्या. त्याने सगळ्यांना उठवून पानांवर बसवलं. बायका लाजल्या, नको नको म्हणाल्या. हौसा मात्र पहिल्या पानावर जाऊन बसली आणि मुकाट्याने जेवायला लागली. तिचं रक्त दोन महिन्यांत अकरावर गेलं आणि मडक्यांचे काठ शाबूत राहिले, हे आत्ताच सांगून टाकतो. शेवटी सांगायला सवड नाही.

हौसाचं बघून बाकीच्या जेवायला लागल्या. गुळाची लापशी गरम असताना अशी लागते होय, असं पाटलीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी तिसऱ्यांदा वाढून घेतली. भागोजी आग्रह करकरून वाढत होता. उन्हं कलली तेव्हा गड्यांची पंगत बसली आणि पातेल्यांत पळी खडखड वाजली.

पाटील भुकेने लालेलाल झाले होते. "भागोजी, आन् आता आम्ही काय खायचं रं?"

भागोजीने पळी खाली ठेवली. हात धुतले. पाटलांची पापणी पुन्हा एकदा हळूच ओढून नीट पाहिली.

"काय बी काळजी करू नका, पाटील," तो म्हणाला. "तुमी दिवाळीपत्तोर जेवला न्हाई तरी चालतंय."