वैद्यबुवांचा शर्यतीचा छकडा

खूप जुनी गोष्ट आहे. तेव्हा गावं लहान होती आणि दोन गावांमधलं अंतर मोठं वाटे. अशाच एका गावात एक वैद्यबुवा राहत. त्यांच्या हाताला गुण होता. लांबच्या वस्तीवरून बोलावणं आलं की ते बैलगाडी जुंपून निघत. रोगी फारच खालावलेला असला, तर त्याला गाडीत आडवं निजवून घरी आणत आणि ओसरीवर ठेवून बरा करून पाठवत.

ती गाडी रुंद होती, भक्कम होती आणि अतिशय संथ होती.

वैद्यबुवांनी चाळिशी ओलांडली, तसा तो संथपणा त्यांना सलू लागला. तरणी पोरं धुरळा उडवत पुढे जात आणि मागे वळून म्हणत, "रामराम, बुवा!" त्या रामरामात आदरच होता. तरी बुवांना तो टोचे.

एकदा बाजाराच्या गावी जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडे त्यांना एक छकडा दिसला. शर्यतीचा, अंगाने सडपातळ, एक माणूस जेमतेम बसेल एवढीच बैठक. जत्रेतल्या कितीतरी शर्यती त्याने मारल्या होत्या. बुवांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. मग उगाच आणखी एक मारली.

व्यापारी सरळ माणूस होता. तो म्हणाला, "लपवत नाही, बुवा. शर्यतीत याच्या दोन चाकांमधल्या कण्याला तडा गेला होता. मी नवा कणा बसवलाय. खाली वाकून हात लावून बघा."

बुवांनी वाकून पाहिलं, चाकं फिरवून पाहिली. कुठे खोट नव्हती.

"आता एक विचारतो, राग मानू नका," व्यापारी म्हणाला. "हा धावायला केलाय, वाहायला नाही. तुमच्या गाडीतून काय काय नेता?"

"मी आणि माझी औषधांची पेटी," बुवा म्हणाले.

हे खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. बोलताना बुवांची नजर व्यापाऱ्याकडे नव्हती, चाकाकडे होती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं, "वैद्य लवकर पोचला, तर रोगी वाचतो."

"अहो, जाल लवकर," ती म्हणाली. "पण रोग्याला आणाल कशातून?"

"आणावं लागतं असं कितीदा होतं?"

"कितीदा ते राहू द्या. होतं की नाही?"

बुवा उठून शेजाऱ्याकडे गेले. त्याला विचारलं, "काय हो, वैद्याने लवकर पोचावं की उशिरा?"

"लवकर. हे काय विचारणं झालं?" शेजारी म्हणाला.

बुवा समाधानाने परतले. दुसऱ्या दिवशी जुनी गाडी व्यापाऱ्याला देऊन, वर आणखी पैसे मोजून त्यांनी छकडा घरी आणला.

पुढचे काही महिने मजेत गेले. त्यांचेच मध्यम चालीचे बैल आता वाऱ्यासारखे पळत. पोरं बाजूला होऊन वाट देत. आणि खरं सांगायचं, एक-दोन रोग्यांना त्या वेगाचा फायदाही झाला.

मग सुगीच्या दिवसांत डोंगरापलीकडच्या खाणीवरून निरोप आला. एका पाथरवटाचा पाय शिळेखाली सापडला होता. बुवा असे सुटले की निरोप्या मागेच राहिला. त्यांनी जखम धुतली, रक्त थांबवलं, पाय फळीला बांधला. पण हाड बसवून रोज लेप बदलायचा, तर रोग्याला घरीच न्यायला हवं होतं, आणि तेही सूज चढायच्या आत.

पाथरवटाचा भाऊ छकड्याकडे बघत राहिला. "बुवा, तुमची ती मोठी गाडी?"

"विकली."

भाऊ दुसरी गाडी शोधायला धावला, पण वस्तीवरच्या सगळ्या गाड्या शेतात लांब गेल्या होत्या. शेवटी चौघांनी पाथरवटाला बाजेवर घातलं आणि खांद्यावर उचललं. बुवा बाजेशेजारून चालत होते. डोंगर चढून उतरायचा होता. दर थोड्या वेळाने बाज खाली ठेवावी लागे, आणि दर वेळी पाथरवट कळवळून ओरडे. मागून एकजण बैलांची वेसण धरून रिकामा छकडा आणत होता. त्याचा ना कणा मोडला, ना चाक करकरलं.

घरी पोचेपर्यंत दिवस मावळला. पाय सुजून टम्म झाला होता. बुवांनी आपली सगळी विद्या पणाला लावली. माणूस वाचला, पायही राहिला. पण गुडघा पुन्हा वाकला नाही. पाथरवटाचं काम उकिडवं बसून करायचं. ते त्याचं कायमचं सुटलं.

तो बरा होऊन गेल्यावर बुवा छकडा घेऊन व्यापाऱ्याकडे गेले.

व्यापाऱ्याने घाबरून विचारलं, "काही मोडलं का? माझी काही चूक झाली का?"

"तुमची नाही, छकड्याचीही नाही," बुवा म्हणाले. "तुम्ही नीट विचारलं होतं. मीच अर्धं उत्तर दिलं."

जुनी गाडी केव्हाच कुणीतरी नेली होती. छकडा परत देऊन बुवांनी तशीच दुसरी करायला सांगितली, आणि ती तयार होईपर्यंत ते गावोगाव पायी फिरले. वाटेत पोरं रामराम करत, आणि बुवा त्यांना उलट रामराम करत.

तात्पर्य : वस्तू पारखून घ्यावीच, पण तिच्याआधी आपली हौस पारखावी.