चारी वायरी सारख्याच

केरबामिस्त्रीला लिहिता येत नव्हतं. म्हणून जीपचे प्लग बदलताना कोणती वायर कुठली ते कळावं, यासाठी तो प्रत्येकीला दोरा बांधून एक, दोन, तीन, चार गाठी मारायचा.

एकदा त्याच्या शेडमध्ये आपली जीप घेऊन आलेले सभापती आनंदराव ते बघून हसले. "अडाणीच तू. चारी वायरी सारख्याच," म्हणत त्यांनी दोरे तोडले नि वायरी हव्या तशा खोचल्या. जीप फाडफाड बार काढून बंद पडली.

"गाडी बिघडवलीस माझी. उद्या ही शेड उखडतो," ते चारचौघांत गरजले.

तीस वर्षं पोट भरणारी शेड. केरबाच्या कपाळाची शीर तटतटली, पण आवाज चढला नाही.

"सभापतीसाहेब, वायरी सारख्या असतील तर गाडी बिघडलीच नाही, खुशाल घेऊन जा. आणि सारख्या नसतील, तर ती कुणी बिघडवली, ते तुम्हीच या मंडळींना सांगा."

सभापती पायीच घरी गेले. शेडचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.