माकडशिंगीची जखम

"पाणी तर रोज घालतो, बाबा. मग हे मरतंय का?"

भिवजीने मांडीवरची कुंडी पुढे सरकवली. माकडशिंगीचं झाड ते. पानं नाहीत, नुसती चौकोनी, मांसल, हिरवी बोटं. बुडाशी मात्र ती काळी पडून लिबलिबीत झाली होती.

फकीर मुरादबाबांनी ती काळी बोटं दाबून पाहिली.

भिवजी काही असातसा माळी नव्हे. संस्थानच्या बागेत दिवाणसुद्धा त्याला विचारून फूल तोडायचे, आणि ही गोष्ट तो चारचौघांना सांगायचाही. असला माणूस उंटावर हाडं खिळखिळी करून घेत वाळवंटातल्या फकिराकडे येतो, म्हणजे पाणी गळ्याशी आलेलंच असणार.

त्याची लेक गोदा गेल्या साली तापाने गेली. ही झाडं तिने हौसेने लावलेली. एकेक करत सगळी सडली, आता एवढं एकच उरलं होतं. घरात कोणी तिचं नाव काढलं, की भिवजी तांब्या उचलायचा आणि उठून बागेत जायचा.

बाबांच्या झोपडीभोवती ना विहीर, ना आळं. नजर जाईल तिथवर वाळू आणि तापलेला खडक. पण खडकाची एकही भेग मोकळी नव्हती. निवडुंग, शेर, कोरफड... आणि माकडशिंगी तर शेंड्याशेंड्यावर जांभळी फुललेली. जन्मभर बागा केलेला भिवजी आ वासून बघत राहिला. देवळात गेल्यासारखं त्याने पायातले जोडे काढले.

"यांना पाणी कोण घालतं?" त्याचा आवाज आपोआप खाली आला.

"कोणी नाही."

बाबांनी चाकू घेतला. झाड कुंडीतून उपटलं आणि सडकं तेवढं कापून टाकलं. भिवजीचा हात अडवायला पुढे गेला. उरला करंगळीएवढा हिरवा तुकडा. तो बाबांनी सावलीतल्या दगडावर तसाच उघडा ठेवला.

"अहो, मातीत तरी खोचा. सुकेल ते."

"सुकायलाच ठेवलाय."

"झाड सुकलं म्हणजे मेलंच की, बाबा."

"आणि जखम सुकली म्हणजे?"

भिवजी त्या तुकड्यापाशी उकिडवा बसला.

"ओली जखम मातीत पुरलीस, वर पाणी घालत बसलास. सडेल नाहीतर काय होईल, माळीबुवा?"

भिवजीने रिकामी कुंडी जवळ ओढली. मग भिवजी एकदम बोलायला लागला. "आजारपणात गोदा पाणी पाणी करायची, बाबा. वैद्य म्हणाला, देऊ नका. मी नाही दिलं..."

इतक्या दिवसांत हे त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं. त्याने घाईघाईने डोळे पुसायला उपरणं उचललं.

बाबांनी त्याचा हात धरला आणि हलकेच खाली केला.

"असू दे... हीसुद्धा जखम जरा उघडी राहू दे."